अमूर्त सौंदर्य आणि आपली नजर

१

‘यात माणूस कुठे आहे?’ हा प्रश्न दलित समीक्षेने प्रस्थापित मराठी साहित्याला विचारला आणि त्या साहित्याची चिरेबंदी शांतता भंगली. चांदणे, प्राजक्त, उत्तररात्रीची हुरहुर यांची वर्णने वाचून आमच्यापैकी अनेकांनी हाच प्रश्न वहीच्या समासात लिहिला असेल. या प्रश्नाने आपल्याला बळ दिले. परंतु कोणतेही हत्यार सवयीने वापरले की ते कशावर चालते आहे याचे भान सुटते. गेल्या वर्षी मी हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला. ती चूक तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या भागातील कार्यकर्त्यांनी महाविद्यालयीन मुलामुलींसाठी तीन दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला होता. कविता-कथांच्या जोडीला या वेळी रेखाचित्रे आणि छायाचित्रेही मागवली होती. विषय होता ‘माझी वस्ती’. आलेल्या कामांतून निवड करून ती भिंतीवर लावायची आणि त्यांवर बोलायचे, हे काम माझ्याकडे आले. मी साहित्याचा शिक्षक. चित्रकलेचे माझे रीतसर शिक्षण नाही. तरीही आशय आणि बांधिलकी कळते, तेव्हा चित्रही कळेल, अशा समजुतीने मी बसलो. भेगाळलेल्या टाचांचा म्हातारा, टँकरपुढे लागलेली घागरींची रांग, गटारात उतरलेला कामगार, अशी कामे मी निवडली. ती निवडण्यासारखीच होती.

एका मुलीने चार छायाचित्रे आणि एक रेखाटनवही दिली होती. छायाचित्रे मोबाइलवर काढलेली. पहिल्यात पन्हळी पत्र्यावर पडलेली विजेच्या तारांची सावली. तारा सरळ असल्या तरी पत्र्याच्या पन्हळीवर त्यांची सावली नागमोडी होऊन उतरत होती. दुसऱ्यात मोरीच्या ओल्या फरशीवर भांड्यांच्या बुडांनी उमटवलेले काळे गोल, एकात एक गुंतलेले. तिसऱ्यात जुन्या ताडपत्रीच्या भोकांतून आलेले उन्हाचे ठिपके. चौथ्यात उजेडासमोर धरलेली वाकळ. तिच्यातले कापडांचे थर कुठे दाट, कुठे विरळ दिसत होते आणि त्यांवरून दोऱ्याच्या रेघा जात होत्या. वहीत याच गोष्टी पेन्सिलीने पुन्हा पुन्हा काढलेल्या. पत्र्यावरच्या सावलीचीच सात-आठ रेखाटने होती, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी.

मी तिला म्हणालो, “हात चांगला आहे. पण यात वस्ती कुठे आहे? माणूस कुठे आहे?”

ती म्हणाली, “सर, हा पत्रा आमच्याच घराचा आहे.”

“ते तुला माहीत आहे. बघणाऱ्याला कसे कळणार?”

तिने काही उत्तर दिले नाही. चित्रे गोळा करून ती जागेवर जाऊन बसली. तिचे एकही चित्र भिंतीवर लागले नाही. दुपारच्या सत्रात मी ‘कला आणि सामाजिक बांधिलकी’ या विषयावर पाऊण तास बोललो.

परतीच्या एस. टी.त खिडकीशी बसलो होतो. रस्त्याकडेची पत्र्याची घरे दिसू लागली आणि माझी नजर आपोआप पत्र्यांवरच्या सावल्यांकडे जाऊ लागली. त्या रस्त्याने मी कित्येक वर्षे जातो आहे. ती घरे पाहून मला घरकुल योजनेतील दिरंगाई आठवते, उन्हाळ्यात आत काय होत असेल हे आठवते. पण त्या पत्र्यावर ऊन कसे चालते, हे मी कधी पाहिले नव्हते. ज्या मुलीला मी नापास केले तिनेच मला ते पाहायला लावले. मग माझ्या समीक्षेत कुठेतरी खोट असली पाहिजे.

२

प्रथम आपल्या बाजूचे जे खरे आहे ते सांगितले पाहिजे. अमूर्ताविषयी आपल्या मनात जो संशय आहे तो अडाणीपणातून आलेला नाही, त्याला कारणे आहेत.

पहिले कारण असे की, ‘शुद्ध’ सौंदर्याची भाषा आपल्याकडे माणसाला वगळण्याची भाषा म्हणून आली. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात सौंदर्याची उपपत्ती लयीच्या तत्त्वांवर उभी केली. संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांनी संवेदनांची रचना होते आणि त्या रचनेत सौंदर्य असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मर्ढेकरांची प्रामाणिकता मी नाकारीत नाही. पण या उपपत्तीचा आधार घेऊन पुढे अनेकांनी जीवनाचा प्रश्न कलेच्या उंबऱ्याबाहेर ठेवला. जी माणसे पिढ्यानपिढ्या उंबऱ्याबाहेरच उभी होती, त्यांना हा उंबरा ओळखू येणारच. म्हणून ‘सत्यं शिवं सुंदरम्’ची चौकट नाकारून शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात माणूस आणि त्याचे स्वातंत्र्य मध्यभागी ठेवले, ते आवश्यकच होते.

दुसरे कारण बाजाराचे. २०१३ साली मुंबईत झालेल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक अमूर्त चित्र २३ कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले. गायतोंडे स्वतः एकांतात, साधेपणाने जगले. चित्राच्या किमतीत त्यांचा दोष नाही. पण रोजंदारीवर जाणाऱ्याच्या मुलाने ही बातमी वाचली तर अमूर्त म्हणजे श्रीमंताच्या भिंतीवरची गोष्ट, असेच त्याच्या मनात बसेल.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. छायाचित्रकाराला जीर्णाचे आकर्षण असते. गंजलेला पत्रा, पोपडे आलेली भिंत, तडा गेलेले मडके, विरलेले कापड यांत त्याला रंग आणि पोत दिसतो. पण जीर्ण वस्तू आपल्या घरात केवळ काळाच्या ओघाने आली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी जी व्यवस्था लावून दिली आहे तीत मृताची वस्त्रे, फुटक्या भांड्यांत जेवण आणि लोखंडाचे अलंकार यांचा समावेश आहे. म्हणजे फुटके भांडे आणि अंगावरचे लोखंड हे आपल्यासाठी ‘पोत’ नव्हते, कायदा होता. तो ग्रंथ महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे लुगडे नेसण्याचे वळण आणि अंगावरचे ते जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, नीटनेटके नेसा. दागिन्याची घडण आणि नेसण्याची रीत यांत कोणाला लोककलेचे सौंदर्य दिसले असते. बाबासाहेबांना त्यात शतकांची निशाणी दिसली. दिसण्याचे राजकारण त्यांनी त्या दिवशी लुगड्याच्या काठापर्यंत आणून दाखवले.

तेव्हा वस्तीच्या गंजात सौंदर्य शोधणाऱ्याला ‘हा गंज कोणी आणला?’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. हा अधिकार मी सोडत नाही. प्रश्न एवढाच आहे की, गंजलेल्या पत्र्याखाली जन्मलेल्या मुलीलाही आपण हेच विचारून गप्प बसवायचे काय?

३

इथे छायाचित्र आणि रेखाचित्र यांची रीत समजून घेतली पाहिजे. रेखाटणाऱ्यापुढे कोरा कागद असतो. तो एकेक रेघ वाढवत जातो. छायाचित्रकारापुढे भरलेले जग असते. तो वजा करत जातो. वस्तूच्या जवळ गेले की तिचा आकार मोठा की लहान हे कळेनासे होते. समोरून सपाट टिपले की खोली नाहीशी होते. क्षितिज आणि जमीन चौकटीबाहेर ठेवली की जागा ओळखू येत नाही. मग उरतात रेघा, ठिपके, काळे-पांढरे पट्टे. रोजची वस्तू अमूर्त होते ती अशी. म्हणून छायाचित्राच्या समीक्षेत पहिला प्रश्न ‘काय दिसते?’ एवढाच असून चालत नाही. काय वजा केले, कोणी वजा केले आणि वजा केल्यावर हातात काय उरले, हे विचारावे लागते.

या दृष्टीने अमेरिकेतील दोन छायाचित्रकार मला महत्त्वाचे वाटतात. काळ्या माणसांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने ते साहित्य मराठी वाचकापर्यंत आणले. मात्र तिकडच्या कविता-कादंबऱ्यांची चर्चा आपण केली, तेवढी तिकडच्या छायाचित्रांची केली नाही.

आरोन सिस्किंड (१९०३-१९९१) हा न्यूयॉर्कमधील गोरा, ज्यू शाळाशिक्षक. १९३०च्या दशकात ‘फोटो लीग’ या डाव्या विचारांच्या संघटनेतील सहकाऱ्यांबरोबर त्याने हार्लेम या काळ्यांच्या वस्तीची छायाचित्रे काढली. घरे, रस्ते, चर्च, नाचघरे, दारिद्र्य, सारे त्यात आहे. ‘हार्लेम डॉक्युमेंट’ या नावाने ती पुस्तकरूपाने १९८१ साली आली. पण १९४०च्या दशकात सिस्किंड या वाटेवरून वळला. समुद्रकाठी पडलेला हातमोजा, दोरखंड, शेवाळ, फाटकी पोस्टरे, भिंतींचे पोपडे, हे त्याचे विषय झाले. १९४९ साली ॲरिझोनातील जेरोम या गावी त्याने टिपलेला पोपडे निघालेला रंग प्रसिद्ध आहे. काळ्यावर पांढरे तुकडे, जणू एखादे अमूर्त चित्रच. ते छायाचित्र सुंदर आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण जेरोम हे तांब्याच्या खाणींचे गाव होते. त्याला उतरती कळा लागली होती आणि १९५३ साली तिथली खाणही बंद पडली. गाव सोडून माणसे जातात, तेव्हा भिंतीला रंग देणारा राहत नाही. हे त्या छायाचित्राच्या चौकटीत नाही.

दुसरा रॉय डिकॅरावा (१९१९-२००९). हा हार्लेममध्येच जन्मलेला काळा माणूस. तो मूळचा चित्रकार. चित्रांसाठी टिपणे हवीत म्हणून त्याने कॅमेरा हातात घेतला आणि पुढे कॅमेराच त्याचे माध्यम झाला. १९५२ साली त्याला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळवणारा तो पहिला काळा छायाचित्रकार. त्या अर्जात त्याने स्पष्ट लिहिले होते की, आपल्याला हार्लेमचा समाजशास्त्रीय दस्तऐवज करायचा नाही, सर्जनशील आविष्कार करायचा आहे. आपल्या वस्तीविषयी असे म्हणण्याला त्या काळी केवढे धाडस लागले असेल! १९५५ साली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या मजकुरासह त्याची छायाचित्रे ‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’ या पुस्तकात आली.

त्याचे १९५३ सालचे ‘हॉलवे’ हे छायाचित्र पाहावे. भाड्याच्या चाळवजा इमारतीतला अरुंद, अंधारा बोळ. दोन्ही बाजूंना भिंती, वर एक मिणमिणता दिवा. माणूस नाही, दार उघडे नाही. काळ्या आणि करड्या रंगाच्या अनेक छटा, एवढेच. चौकटीच्या नियमाने पाहिले तर हे सिस्किंडच्या भिंतीइतकेच अमूर्त आहे. तरीही मला त्यात गुदमरल्यासारखे होते आणि त्याच वेळी त्या अंधारातली मऊ छटाही डोळ्याला धरून ठेवते. अशा बोळांतून डिकॅरावा लहानपणी चालला होता. अंधार कुठे दाट असतो आणि भिंत किती जवळ येते हे त्याच्या खांद्याला माहीत होते. त्याचे ‘ग्रॅज्युएशन’ हे १९४९ सालचे छायाचित्र तर आपल्या घराघरांतले वाटावे. पदवीदानासाठी पांढरा लांब झगा घातलेली मुलगी एकटी चालली आहे. बाजूला मोकळ्या जागेतला कचरा, मागे भिंतीवर मोटारगाडीची जाहिरात, आणि रस्त्यावर उन्हाचा व सावलीचा भला मोठा त्रिकोणी पट्टा. त्या पट्ट्याचा आकार आणि त्या मुलीचे चालणे वेगळे काढता येत नाही. भूमिती काढली तर तिचे एकटेपण जाईल; मुलगी काढली तर भूमिती नुसती नक्षी होईल.

या दोघांना शेजारी ठेवले तेव्हा मला माझी चूक कळू लागली. सिस्किंडने आधी वस्ती घेतली, मग ती सोडून रचना घेतली. म्हणजे जीवन एकीकडे, रूप दुसरीकडे. मर्ढेकरांच्या परंपरेने हीच वाटणी केली आणि रूपाचा वाटा स्वतःकडे ठेवला. आपण त्या वाटणीविरुद्ध भांडलो, पण वाटणी मात्र मान्य केली! ‘रूप तुम्हांला, माणूस आम्हांला’ असे म्हणून आपला वाटा उचलून घरी आलो. गावच्या वाटण्यांत आपल्याला खडकाळ माळ मिळत असे; इथे आपण स्वतःच पाणंदीपलीकडचा तुकडा मागून घेतला. डिकॅरावाने ही वाटणीच मानली नाही. दुःख सांगण्याचा हक्क मला आहे आणि सावली पाहण्याचाही आहे. दोन्ही एकाच डोळ्याचे हक्क आहेत, हे त्याने कामातून दाखवले.

४

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेतो, कारण परदेशी उदाहरणावर विसंबून राहणे सोपे असते. नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) या चित्रकर्तीचा जन्म कराचीचा, बालपण मुंबईचे, शिक्षण लंडन-पॅरिसचे. १९७२ पासून अखेरपर्यंत त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात शिकवले. शेवटचा काळ त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला घालवला. शाई, पेन्सिल आणि मोजमापाची साधने घेऊन त्या कागदावर केवळ रेघा आखत. आडव्या, तिरप्या, कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक. त्या छायाचित्रेही काढत. वाळूवरच्या लाटांच्या खुणा, रस्त्यावरचे पट्टे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, आणि हातमागावर ताणलेले धागे. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. ती त्यांच्या नजरेचा रियाज होता, असे मला वाटते.

त्यांचे मागावरच्या धाग्यांचे छायाचित्र मी प्रथम पुस्तकात पाहिले, तेव्हा माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला : विणकर कुठे आहे? विदर्भातील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत होता. गिरण्या आल्या आणि माग बसले. त्यामुळे मागाचा नुसता धागा पाहून माझ्यासारख्याला चैन पडणार नाही. नसरीन सुखवस्तू घरातल्या होत्या आणि त्यांच्या धाग्यांत विणकर नाही. हे दोन्ही मी नोंदवतो.

पण एवढ्यावर थांबलो तर ती आळशी समीक्षा होईल. उत्तरायुष्यात मज्जासंस्थेच्या आजाराने नसरीन यांच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. त्या काळातही त्यांच्या रेघा ढळल्या नाहीत. ही चैन नव्हती. शरीर साथ देत नसताना हाताला लावलेली शिस्त होती. आणि त्या छायाचित्रातल्या धाग्यांचा ताण खोटा नाही. विणकराच्या मुलाने ते पाहिले तर तो ताण त्याला तत्काळ कळेल. कुठला धागा सैल आहे, कुठला आता तुटेल, हेही कदाचित कळेल. नसरीन यांना न दिसलेले त्याला दिसेल, कारण तुटलेला धागा जोडणारी बोटे त्याच्या घरात होती. मग त्या मुलाने कॅमेरा घेतला तर तो काय काढील? तोही धागेच काढील, वाकलेल्या पाठीचा म्हातारा विणकरच त्याने काढला पाहिजे असे नाही. त्याच्या धाग्यांत ते बोट चौकटीबाहेर उभे असेल. आपण समीक्षकांनी ते ओळखायचे असते. मी त्या मुलीच्या पत्र्याकडे पाहिले, तेव्हा नेमके हेच मला जमले नाही. ‘बघणाऱ्याला कसे कळणार?’ असे मी तिला विचारले. वास्तविक तो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

सफाई कामगारांची छायाचित्रे सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे काढली. मुंबई शहर ज्यांच्याकडे पाहत नव्हते त्यांच्याकडे त्यांनी शहराला पाहायला लावले. अशा कामाची गरज आजही संपलेली नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपल्या मुलांनी फक्त पुरावेच गोळा करावेत असा दंडक घालू नये. सतत पुरावा देण्याची सक्ती ही आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसावर असते.

५

शेवटी वाकळीकडे येतो, कारण अमूर्त कला आपल्या घरात नव्हती हा समजच मुळात खोटा आहे. आपल्या आयाबायांनी शेकडो वर्षे अमूर्त रचना केल्या आणि त्या अंगावर घेऊन आपण झोपलो. जुन्या लुगड्याचा काठ कुठे लावायचा, सदऱ्याचा विटका तुकडा कोणत्या रंगाशेजारी बसवायचा, धावदोरा कडेकडेने फिरवत मध्यापर्यंत कसा न्यायचा, याचा निर्णय ती बाई करत होती. मर्ढेकरांचा संवाद, विरोध आणि समतोल तिच्या मांडीवर पसरलेला होता. तिला कोणी कलावंत म्हटले नाही, आपणही म्हटले नाही. आपण आत्मकथनांत वाकळ लिहिली ती दारिद्र्याची खूण म्हणून.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या स्त्रिया एका मळ्यावरील गुलामांच्या वंशज. १९६०च्या दशकात तिथले लोक मतदारनोंदणीसाठी पलीकडच्या गावी जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली त्यांची नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. या स्त्रिया थंडीसाठी गोधड्या शिवत. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या आणि समीक्षकांनी त्यांना आधुनिक अमूर्त चित्रांच्या पंक्तीला बसवले. त्यांत मिझुरी पेटवे या स्त्रीची १९४२ सालची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची तिने ती शिवली. विटलेले निळे, करडे, मातकट पट्टे. भिंतीवर ती रंगांची रचना आहे. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी तिच्यात शेतात खपलेला एक माणूस आहे. त्याचा चेहरा त्यात नाही, त्याचे विटलेले कपडे आहेत. माणूस कुठे आहे, असे तिला विचारण्याची माझी छाती होणार नाही.

मृताची वस्त्रे ही मनूने आपल्यावर लादलेली अवहेलना. त्याच वस्त्रांतून एका विधवेने आठवण शिवली. वस्तू बदलली नाही. ती कोणाच्या हातात आणि कोणाच्या निर्णयाखाली आहे हे बदलले. मला वाटते, आपल्या सौंदर्यविचाराचा पाया इथे आहे. लादलेले जीर्णत्व आणि निवडून घेतलेली रचना यांतला फरक ज्याला कळतो त्याची नजर आपली नजर.

यातही सावध राहायला हवेच. जीज बेंडच्या काही स्त्रियांना २००७ साली आपल्या गोधड्यांच्या व्यवहारावरून न्यायालयात जावे लागले. ते खटले पुढच्या वर्षी आपसात मिटले. आपल्या वस्तूंत दुसऱ्याला सौंदर्य सापडले की त्यांचा भाव वाढतो, पण तो पैसा शिवणारीच्या पदरात पडेलच असे नाही. म्हणून आपल्या मुलांनी स्वतःच्या नजरेने पाहावे आणि स्वतःच्या नावाने दाखवावे, हे अधिकच निकडीचे झाले आहे. आज मोबाइलमुळे कॅमेरा पुष्कळ घरांत पोचला आहे. पेन्सिल तर आधीपासून होती.

आपल्या अभ्यासवर्गांसाठी मी दोन साध्या गोष्टी सुचवतो. छायाचित्र काढण्याआधी ती वस्तू चार वेळा रेखाटावी, म्हणजे हाताला ती कळते आणि वजाबाकी विचाराने होते. आणि चित्राखाली नुसता विषय न लिहिता ती वस्तू कोणाची, कोणी केली, कोणी वापरली हे लिहावे. ‘पत्र्यावरची सावली’ असे लिहून थांबू नये. पत्रा कोणी ठोकला, तेही लिहावे. एवढ्याने वजा झालेला माणूस चित्राची रचना न बिघडवता परत येतो.

त्या मुलीला मी पत्र लिहिले. तुमची चित्रे भिंतीवर लावली नाहीत ही माझी चूक झाली, पुढच्या वर्गात ती लावायची आहेत, पाठवा, असे लिहिले. महिन्याने तिचे उत्तर आले. पावसाळ्यापूर्वी घराचा पत्रा बदलला, नवा पत्रा चकचकीत असल्याने त्यावर सावली नीट पडत नाही, थोडा जुना झाला की काढीन, असे तिने कळवले आहे. जुनी चार छायाचित्रे सोबत पाठवली आहेत. वाकळीच्या छायाचित्रामागे पेन्सिलीने तिच्या आजीचे नाव लिहिलेले आहे. ते मी तिला सुचवले नव्हते.